वाचक विचारतात : लॅपटॉपचा ट्रे, अडकलेली सीडी आणि कपाटातल्या डीव्हीडी

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या वरच्या फळीवरून लग्नाच्या डीव्हीडी, मुलांच्या गॅदरिंगच्या सीडी आणि मंडळाच्या गणेशोत्सवाची रेकॉर्डिंग्ज खाली आली असावीत. कारण या वेळच्या टपालात इंदूरहून आलेली निम्मी पत्रं लॅपटॉपच्या डिस्क ड्राइव्हबद्दलच आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र करून उत्तरं देत आहोत.

टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये सीडी नुसती ठेवली की काम व्हायचं. लॅपटॉपमध्ये तशीच ठेवून ट्रे आत लोटला, तर घर्र घर्र आवाज येतो आणि स्क्रीनवर ‘डिस्क टाका’ असंच येत राहतं. ड्राइव्ह गेला का? (एक वाचक, सुदामानगर)

बहुतेक नाही. सीडी बसलेलीच नाही, एवढंच. प्लेअरच्या ट्रेला नुसता खळगा असतो. ट्रे आत गेला की वरून चुंबकाची एक चकती येऊन सीडीला मधोमध पकडते. लॅपटॉपचा ड्राइव्ह जेमतेम १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीचा असतो, त्यात वरून पकडणारं काही मावत नाही. म्हणून फिरवणारी मोटर, तिच्यावरचा मधला गट्टू आणि वाचणारी लेन्स हे सगळं ट्रेवरच बसवलेलं असतं आणि ट्रेबरोबर बाहेर येतं. गट्टूच्या कडेला स्प्रिंगवर दबणारी तीन इवलीशी बोंडं असतात. सीडी त्यांच्याखाली जाऊन अडकली पाहिजे.

ट्रे उघडायचं बटण दाबलं की तो सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरच पुढे येतो, उरलेला हाताने ओढायचा. पूर्ण बाहेर आला की डावा हात त्याच्याखाली आधाराला धरा. बहुतेकांची चूक इथेच होते. ट्रे अधांतरी असतो आणि वरून जोर दिला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या बारीक पट्ट्या वाकतात. मग तो तिरका आत जाऊ लागतो. सीडी कडेने धरून गट्टूवर ठेवा आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी मधल्या भोकाच्या अगदी लगत, समोरासमोर टेकवून एकदम दाबा. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. कडेवर दाबू नका, त्याने सीडी वाकते, बसत नाही. मग बोटाने एक गिरकी देऊन पाहा : कड वर-खाली डुलत नसेल, तर बसली. ट्रे लोटताना मधोमध बोट ठेवून ‘खट्’ होईपर्यंत लोटा.

काढताना उलट करायचं : अंगठ्याने गट्टू खाली दाबून धरा आणि बाकीच्या बोटांनी कड उचला. एका बाजूने उचकटलं की भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्याला केसासारखी चीर पडते. ती चीर पुढे काय करते, ते खालच्या एका उत्तरात आहे.

ट्रेच्या फटीत दिसणारा निळसर झाकेचा काचेचा ठिपका म्हणजे लेन्स. तिला बोट लागू देऊ नका.

डीव्हीडी आत आहे आणि ट्रे उघडतच नाही. चिमट्याने ओढून काढू का? (रामबाग)

चिमटा नको, पेचकसही नको. आधी पाहा की लॅपटॉप चालू आहे ना. ट्रेचं बटण विजेवर चालतं, बंद लॅपटॉपवर ते कितीही दाबलं तरी काही होत नाही. चालू असूनही उघडत नसेल, तर बहुधा एखादा प्रोग्रॅम डिस्कला धरून बसलेला असतो. व्हिडिओ प्लेअर आणि फोल्डरच्या खिडक्या बंद करा, ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘इजेक्ट’ निवडा. तरी नाही, तर लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि विंडोज सुरू होण्याआधीच, कंपनीचं चिन्ह दिसत असताना, बटण दाबा. तेव्हा डिस्क कुणी अडवलेली नसते.

एवढ्यानेही भागलं नाही, तर ट्रेच्या तोंडावरचं टाचणीएवढं भोक कामाला येतं. लॅपटॉप शटडाउन करा, चार्जर काढा आणि मिनिटभर थांबा म्हणजे आतली डिस्क थांबलेली असेल. कागदाची यू-पिन सरळ करा. भोकात ती अगदी सरळ, ट्रेला काटकोनात घाला. कशाला तरी टेकल्यासारखं वाटलं की थोडं दाबा. कुलूप सुटून ट्रे किंचित पुढे येईल, मग हळू ओढा. सेफ्टी पिन किंवा शिवणाची सुई घेऊ नका. ती बारीक असल्याने बाजूला घसरते आणि टोकाने आतलं काहीतरी खरवडते.

पिन लागते, कुलूप सुटल्याचं कळतं, तरी ट्रे येत नाही, असं असेल तर डिस्क गट्टूवरून निसटून वर अडकली आहे किंवा तिच्यावरचं कागदी लेबल सुटून आत चिकटलं आहे. अशा वेळी ओढाताण थांबवा. जुन्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सगळा ड्राइव्ह तळाच्या एकाच स्क्रूवर असतो. तो काढला की ड्राइव्ह खणासारखा सरकून बाहेर येतो. दुरुस्तीवाल्याला तो उघडून डिस्क काढायला फार वेळ लागत नाही. जेल रोडवर असं काम करणारे मिळतात. फक्त काम सांगताना ‘आतली डिस्क हवी आहे, ड्राइव्ह गेला तरी चालेल’ हे आधीच स्पष्ट सांगा. नाहीतर ड्राइव्ह वाचवायच्या नादात डिस्क जायची.

लग्नाच्या डीव्हीडीवर फोटोग्राफरने छान गोल छापील कागद चिकटवला आहे. एका डीव्हीडीला मध्ये बारीक तडा आहे, पण चालते. लावू का? (टिळकनगर)

तडा गेलेली लावू नका. आज चालते म्हणून उद्या चालेलच असं नाही, आणि ती मोडते तेव्हा लॅपटॉपच्या आत मोडते. लॅपटॉपचा साधा ड्राइव्ह सीडी २४ पट वेगाने वाचतो. त्या वेगात सीडी मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेते. तिचा व्यास १२ सेंटीमीटर, म्हणजे कडेचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास जातो. डीव्हीडीचं गणितही फार वेगळं नाही. भोकापासून निघालेली चीर दर फेरीला ताणली जाते आणि एका क्षणी तुकडे होतात. तुकडे बाहेर उडोत न उडोत, लेन्स आणि मोटर तर गेलीच. त्या डीव्हीडीतलं वाचवायचंच असेल, तर ते काम डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. आपल्या लॅपटॉपवर प्रयोग नको.

कागदी लेबलाचा त्रास वेगळा. कागद मधोमध चिकटला नसेल, तर एका बाजूला वजन जास्त होऊन डिस्क थरथरते. ड्राइव्ह आत गरम होतो, डिंक सैल पडतो, कागदाची कड उचलली जाते आणि ती थेट ट्रेच्या वरच्या पत्र्याला घासते. पण म्हणून लेबल ओढून काढायला जाऊ नका. सीडीत माहितीचा थर वरच्या बाजूला, लेबलाखालच्या पातळ लाखेलगतच असतो आणि डिंकाबरोबर तो सोलून निघतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, तरी ओढाताणीत चकत्या सुटू शकतात. लेबल घट्ट आणि सपाट असेल, तर एकदाच लावा, कॉपी करा आणि ती डीव्हीडी पुन्हा फळीवर ठेवा.

यावरूनच दुसरी गोष्ट लक्षात येईल. सीडीची चमकती बाजू आपण जिवापाड जपतो आणि नावाच्या बाजूने टेबलावर घासतो. सीडीला धोका उलट नावाच्या बाजूलाच जास्त आहे. खालचा बारीक ओरखडा पुष्कळदा पुसता येतो, वरचा ओरखडा थर घेऊन जातो. बॉलपेनने तिच्यावर लिहू नका. पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि लिहा तेही भोकाभोवतीच्या पारदर्शक भागावर.

चार वर्षांचा नातू उघड्या ट्रेमध्ये डोकावतो. लेझरने डोळ्यांना काही होईल का? (लोकमान्यनगर)

ट्रे उघडा असताना लेझर बंद असतो, तेव्हा घाबरू नका. अख्खा, न उघडलेला ड्राइव्ह लेझर सुरक्षिततेच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या वर्गात मोडतो. धोका आहे तो झाकण खोलून ड्राइव्ह चालवून पाहण्यात. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा असतो, त्यामुळे तो चालू आहे हे कळतही नाही. डीव्हीडी लिहिणारा ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर त्याहून ताकदीचा. जुन्या रायटरमधून लेझर काढून काडी पेटवायचे व्हिडिओ फिरतात, मोठ्या नातवंडांना त्यापासून दूर ठेवा. लहानाच्या बाबतीत खरी काळजी म्हणजे तो ट्रेवर हात टेकून उभा राहील ही. ट्रे उघडा सोडू नका.

धुळीने लेन्स खराब झाली असावी, काही सीडी लागतात, काही नाही. ब्रशवाली क्लीनर सीडी घेऊ का? टूथपेस्टने सीडी साफ होते हे खरं का? (राजेंद्रनगर)

काही लागतात आणि काही नाही, म्हणजे दोष आधी डिस्कमध्ये शोधा. न लागणारी सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहा. तिथेही अडली, तर ती धुवायची : कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, बोटाच्या मऊ भागाने हलकेच. मग चष्म्याच्या कापडाने टिपायची. पुसताना भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. यात अंधश्रद्धा नाही. माहिती गोलाकार मार्गावर असते आणि वाचणारी यंत्रणा सीडीवरची मार्गाच्या दिशेतली सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची तूट स्वतः भरून काढते. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात क्षणभरच लागतो, गोल ओरखडा मात्र मार्गाबरोबर चालत राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर चालणार नाही, प्लॅस्टिक पांढुरकं होऊन बसतं. टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. उथळ ओरखड्यावर कधी लागू पडते, पण तो शेवटचा उपाय. ब्लू-रे डिस्कवर तर नकोच, तिच्या चमकत्या बाजूचा थर ०.१ मिलिमीटरचाच असतो.

सगळ्याच डिस्क अडत असतील, तर लेन्सकडे वळा. ती अतिशय बारीक तारांवर तरंगती असते, म्हणून ब्रशवाली क्लीनर सीडी आम्ही लॅपटॉपला सुचवत नाही. लॅपटॉप बंद करून यू-पिनने ट्रे उघडा, कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. तेवढ्याने नाही गेलं, तर कानातल्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलावा देऊन तिच्या वजनाएवढाच स्पर्श करा. अत्तर, सॅनिटायझर चालत नाहीत, त्यांचा चिकट थर राहतो. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून दमट हॉलमध्ये लॅपटॉप आणल्यावर अर्धा-एक तास तो नुसता ठेवा, लेन्सवर दव धरलेलं असतं.

नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. यूएसबीचा घेतला, तर डिस्क फिरते, थांबते, टक-टक करते. (विजयनगर)

वीज पुरत नाही. यूएसबी २ चं पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपियर देतं, यूएसबी ३ चं ९००. डिस्कला पहिला वेग देताना ड्राइव्ह याहून जास्त ओढू शकतो. हब आणि एक्स्टेन्शनची वायर काढून थेट लॅपटॉपमध्ये, जमल्यास यूएसबी ३ मध्ये लावा. ड्राइव्हला दोन तोंडांची वायर असेल, तर दोन्ही तोंडं लावा. ड्राइव्ह सपाट टेबलावर हवा, उशीवर किंवा मांडीवर नको. फिरत असताना उचलला, तर डिस्क तिच्या पातळीत राहू पाहते आणि ट्रेला घासते. डिस्कवर दिसणारा अगदी नेटका गोल ओरखडा बहुधा असाच पडलेला असतो.

विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट लावण्याची सोय विंडोजमध्ये आपसूक येत नाही, व्हीएलसी हा फुकट प्लेअर घ्या. जुन्या व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली ‘डीएटी’ फाइल त्यातच उघडते.

पंचवीस-तीस डीव्हीडी आहेत. कॉपी कशी करायची? (वरच्या वाचकांपैकी तिघांनी हेच विचारलं आहे)

घरच्या लग्नाच्या डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर असतं. ते अख्खं हार्डडिस्कवर कॉपी करा, एकटीदुकटी फाइल नको. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज तिलाच ४.३७ म्हणतं, काही हरवलेलं नाही. चांगल्या स्थितीतली डीव्हीडी पंधरा-वीस मिनिटांत उतरते. सलग तीन-चार झाल्या की ड्राइव्ह थंड होऊ द्या. गरम ड्राइव्ह चुका जास्त करतो.

एखादी मध्येच अडली आणि ड्राइव्ह तिथेच घरघरत राहिला, तर तासभर वाट पाहू नका. रद्द करा, डिस्क धुवा, आणि इमगबर्नसारख्या प्रोग्रॅममध्ये वाचनाचा वेग कमी करून तिची आयएसओ प्रत, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल, घ्या. एका ड्राइव्हला न वाचता येणारी डिस्क दुसरा सहज वाचतो असंही होतं, म्हणून शेजारच्याचा जुना डेस्कटॉप मागायला लाजू नका. सगळ्यात आधी मात्र हाताने लिहिलेल्या, उन्हात राहिलेल्या आणि कागदी लेबलाच्या डिस्क घ्या. दुकानातून विकत घेतलेल्या छापील डिस्क थांबू शकतात.