वाचकांचे प्रश्न: हद्दी, हेक्टर आणि मोबाइलमधला नकाशा

प्रश्न: क्यूफील्ड या मुक्तस्रोत ॲपमध्ये शेताच्या हद्दी आखल्या आणि संगणकावर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळ काढलं. अर्ध्या हेक्टरच्या तुकड्याचं उत्तर ०.००००००४ आलं. असं का?

उत्तर: हद्द बरोबर आहे, एकक चुकलंय. मोबाइल स्थान अंशांत नोंदवतो आणि 'एरिया' (area) हे फंक्शन त्या अंशांवरच गणित करून 'चौरस अंश' देतं. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे रकान्यांची गणितं करणाऱ्या खिडकीत, त्याऐवजी डॉलरचं चिन्ह लावलेलं '$एरिया' ($area) वापरा. त्याआधी प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये इलिप्सॉइड (पृथ्वीच्या आकाराचं गणिती प्रारूप) 'डब्ल्यूजीएस ८४' आणि क्षेत्रफळाचं एकक चौरस मीटर आहे ना, ते पाहा. इलिप्सॉइड निवडलेला नसेल, तर हाही आकडा अंशांतच येईल. आलेल्या उत्तराला १०,००० ने भागलं की हेक्टर. उत्तराचा रकाना दशांशाचा ठेवा, नाहीतर अर्धा हेक्टर पूर्णांकात हरवेल.

आता तुम्ही न विचारलेली, पण जास्त महत्त्वाची गोष्ट. लहान तुकड्यात जीपीएसची चूक फार महागात पडते. ४० बाय २५ मीटरचा तुकडा १,००० चौरस मीटरचा. चारही बाजू ३-३ मीटर बाहेर सरकल्या तर तोच १,४२६ भरतो. त्या हिशेबाने बियाणं आणि खत घेतलं, तर जवळजवळ दीडपट! म्हणून चालत चालत रेघ ओढू नका. प्रत्येक कोपऱ्यावर थांबा, ॲपच्या सेटिंगमध्ये सरासरी स्थाननोंद सुरू करून किमान २० नोंदींची अट घाला आणि मगच बिंदू टाका. झाडाखाली किंवा भिंतीलगत उपग्रहाचा संदेश परावर्तित होऊन येतो. ती चूक सरासरीनेही जात नाही. अशा कोपऱ्याशी जोडलेल्या बाजू टेपने मोजा आणि नकाशा त्याप्रमाणे दुरुस्त करा.

प्रश्न: ॲप काढून पुन्हा टाकलं तर नोंदी राहतील का?

उत्तर: अँड्रॉइडवर नाही. प्रोजेक्ट ॲपच्याच फोल्डरमध्ये असतो, तो ॲपबरोबर पुसला जातो. आधी जिओपॅकेजची, म्हणजे नोंदी साठवणारी, फाइल बाहेर काढा. तिच्याशेजारी 'वाल' (-wal) अशा शेवटाची फाइल दिसली, तर ताज्या नोंदी अजून तिच्यातच असू शकतात. आधी प्रोजेक्ट बंद करा; तरीही ती फाइल दिसत असेल तर दोन्ही एकत्र कॉपी करा. मग ती प्रत संगणकावर उघडून शेवटची नोंद दिसतेय याची खात्री करा. ॲप त्यानंतरच काढा.