‘काहीही सांगा, करून देऊ’ हा धंदा चालेल का?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र. दोघे नोकरीत आहोत, तिसऱ्याने नुकतीच सोडली. गेले १० आठवडे आमचा एक प्रयोग चालू आहे. ओळखीच्या ४० जणांना एक नंबर दिला आणि सांगितलं, कुठलंही काम असो, मेसेज टाका, आम्ही करून देतो. तिकिटं, डॉक्टरची वेळ, दुरुस्तीवाला, घरी विसरलेली फाइल ऑफिसात पोचवणं, सगळं. पैसे घेत नाही. आजवर ६१२ कामं झाली. लोक खूश आहेत, आणखी शंभरेक जण नंबर मागताहेत. नोकरी सोडून यात पूर्ण वेळ उतरावं असं मला वाटतं. घरचे म्हणतात, असल्या कंपन्या आल्या आणि गेल्या. त्यांचं खरं आहे का? कामांची नोंदवही सोबत पाठवत आहे.

उत्तर : तुमची वही मी दोनदा वाचली. पहिल्यांदा कुतूहलाने, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. तारीख, गिऱ्हाईक, काम, झालं की नाही, असे चार रकाने तुम्ही नेटाने भरले आहेत. पाचवा रकाना नाही. त्या कामाला किती मिनिटं लागली, हे कुठेच लिहिलेलं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या रकान्यात आहे, म्हणून आधी त्याबद्दल बोलते.

हे मी ऐकीव सांगत नाही. ११ वर्षं मी एका मोठ्या हॉटेलात कॉन्सिअर्ज डेस्कवर होते. पाहुण्याला जे हवं ते मिळवून द्यायचं, हेच काम. त्यानंतर अडीच वर्षं मेसेजवरून हीच सेवा देणाऱ्या एका कंपनीत रात्रपाळीची प्रमुख होते. ती कंपनी बंद पडली. तिथल्या माझ्या पाळीत आम्ही महिनाभर घड्याळ लावून बसलो, तेव्हा एका कामाला सरासरी २५ मिनिटं निघाली. मेसेज दोन ओळींचा असतो, पण त्यामागे तीन फोन, एक वाट पाहणं, ‘निळा नाही, करडा चालेल का’ अशी विचारपूस आणि शेवटी खात्री करून घेणं, एवढं सगळं येतं.

आता तुमचा हिशेब मांडू. ७० दिवसांत ६१२ कामं, म्हणजे रोज जवळपास नऊ. २५ मिनिटांनी गुणलं तर रोजचे साडेतीन तासांहून जास्त. आठ तासांच्या पाळीत जेवण, विश्रांती, नोंदी वजा जाता हातात साडेपाच तासांच्या आसपास उरतात. म्हणजे तुमच्या या ४० जणांसारखी फार तर साठ माणसं एकट्याला पेलतील, तीही कामं दिवसभर एकसारखी येत राहिली तर. तशी ती येत नाहीत. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर एकदम कोसळतात.

रांगेचं एक गणित आहे, ते समजलं नाही म्हणून आमची कंपनी फार उशिरा सावध झाली. कामं वाटेल तेव्हा येत असतील आणि ती करणारा एकच माणूस असेल, तर तो निम्मा वेळ गुंतलेला असताना नव्या गिऱ्हाइकाला साधारण एका कामाइतकी वाट पाहावी लागते. तो ८० टक्के गुंतला की चार कामांइतकी, ९० टक्के गुंतला की नऊ कामांइतकी. मालकाला वाटतं, माणूस ९० टक्के कामात आहे, म्हणजे पगार वसूल झाला. इकडे गिऱ्हाईक पावणेचार तास फोनकडे बघत बसतं आणि शेवटी स्वतःच काम उरकतं. ‘लगेच’ असं वचन द्यायचं असेल, तर माणूस थोडा रिकामा ठेवावाच लागतो आणि त्या रिकाम्या वेळाचाही पगार गिऱ्हाइकाकडूनच यायला हवा. म्हणून साठ नाही, चाळीस धरा.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे : एका चांगल्या माणसाच्या महिन्याच्या पगाराचा चाळिसावा भाग, त्यावर फोन, सुट्ट्या, चुकांची भरपाई आणि तुमचं पोट, एवढं दर महिन्याला आनंदाने देणारे ४० जण तुमच्याकडे आहेत का? आज ते खूश आहेत, कारण फुकट आहे. त्या खुशीवरून काहीच ठरवू नका.

घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. २०१५ साली या कल्पनेला पूर आला होता. फेब्रुवारीत अमेरिकेत ‘मॅजिक’ सुरू झाली. एक नंबर, त्यावर मेसेज टाका, कायद्यात बसेल ते काहीही मिळवून देऊ. थोड्याच दिवसांत एवढे मेसेज आले की नव्या लोकांना रांगेत थांबवावं लागलं. त्याच वर्षी ‘गोबटलर’ अशीच सेवा फुकट देऊ लागली आणि वर्षभराच्या आत तिने ती गुंडाळून विमानाची तिकिटं शोधणारं यंत्र चालवायला घेतलं. ऑगस्टमध्ये फेसबुकने ‘एम’ हा मेसेजवरून कामं करून देणारा मदतनीस आणला. त्यात यंत्राच्या पाठीशी माणसं बसवली होती. माणसं करतील ते बघून यंत्र शिकेल, ही आशा. कॅलिफोर्नियातल्या दोनेक हजार लोकांपलीकडे तो गेलाच नाही आणि जानेवारी २०१८ मध्ये बंद झाला. भारतात ‘हॅप्टिक’ने सुरुवातीला चॅटवर माणसं बसवून लोकांची कामं केली, मग कंपन्यांसाठी चॅटबॉट बनवायला घेतले आणि २०१९ मध्ये रिलायन्सने ती विकत घेतली. ‘डन्झो’ बंगळुरूत व्हॉट्सॲपवर लोकांची सटरफटर कामं करत वाढली, नंतर झटपट किराण्याच्या शर्यतीत उतरली, २०२३ मध्ये तिच्याकडे पगार रखडले आणि २०२५ च्या सुरुवातीला तिचं ॲप बंद झालं.

पण ‘मॅजिक’ संपली नाही. तिने पुढे तासाला १०० डॉलर दराने सेवा दिली, आणि नंतर धंद्यांना दूरवरून काम करणारे मदतनीस पुरवू लागली. वेळ विकतो आहोत हे ओळखून तिने वेळेचे पैसे मागितले. ज्यांनी वेळ फुकट दिला, किंवा विकत घेतलेल्या वस्तूवरच्या थोड्याशा नफ्यातून तो भरून निघेल असं मानलं, त्यांना ते जमलं नाही. रोज सरावाने होणारं काम वेगळं आणि रोज नवं काम वेगळं. शंभरावं पार्सल पहिल्यापेक्षा स्वस्तात पोचतं. शंभरावी ‘आजीच्या जुन्या घड्याळाचा पट्टा शोधून द्या’ ही विनंती पहिलीइतकाच वेळ खाते.

आता तुमच्या वहीतलं जे मला फार महत्त्वाचं वाटतं, ते सांगते. ४० जणांपैकी नऊ जणांनीच ६१२ पैकी ४३० कामं दिली आहेत. त्या नवांपैकी एकाच्या ओळी मी खुणा करून पाहिल्या. सहा आठवड्यांत ३१ मेसेज आणि जवळजवळ सगळे आईच्या आजारपणाचे. तज्ज्ञाची वेळ, रिपोर्ट आणणं, चाकाची खुर्ची भाड्याने, रात्रीची मदतनीस, पुन्हा वेळ बदलणं. पहिली २२ कामं तुमच्यातल्या एकानेच केली आहेत. त्यातलं सोळावं काम बघा. मेसेजमध्ये फक्त ‘मंगळवारचं बघाल ना?’ एवढंच आहे, आणि ते बरोबर झालं. पुढे तो मित्र आठवडाभर नव्हता, दुसऱ्याने हाती घेतलं, आणि लगेच शेरे दिसतात : ‘डॉक्टर कोणते, परत विचारलं’, ‘पत्ता परत मागितला’. तीन कामांनंतर गिऱ्हाइकाने चार दिवस मेसेजच केला नाही.

त्या चार दिवसांत त्याच्या आईची कामं थांबली नसणार. ती त्याने स्वतः केली, कारण तुम्हाला सगळं नव्याने समजावण्यापेक्षा ते सोपं होतं. ‘मंगळवारचं बघाल ना’ एवढ्यावर निश्चिंत होता येणं, ही तुमची विकण्याजोगी गोष्ट आहे. डेस्कवर मी हेच शिकले. वारंवार येणारे पाहुणे मला पूर्ण वाक्यं सांगतच नसत. त्यांना काय चालत नाही, हे मला ठाऊक असे. हे ठाऊक असणं एका माणसाकडे जमा होतं, आणि तो एका वेळी थोड्याच लोकांचं जपू शकतो. म्हणून मला वाटतं की हा धंदा चालतो, पण लहान चालतो. वर्षभरात लाख गिऱ्हाइकं करू असं म्हणत ज्यांनी यात पैसा ओतला, त्यांनी नेमकी तीच गोष्ट फोडून टाकली. आमच्याकडे शेवटी एका गिऱ्हाइकाचा एक संवाद तीन पाळ्यांत सात जण हाताळत होते.

एक चूक तुम्हाला सांगायलाच हवी. एका बाईंचा रात्री साडेबाराला मेसेज आला, ‘उद्या सकाळी ६ ला गाडी हवी.’ घड्याळाप्रमाणे तारीख बदलली होती, म्हणून माझ्या पाळीतल्या मुलाने ‘उद्या’ म्हणजे पुढचा दिवस धरला. त्या अजून झोपल्या नव्हत्या, त्यांची ‘उद्या सकाळ’ साडेपाच तासांवर होती. वडिलांना शस्त्रक्रियेसाठी आत नेण्याआधी त्यांना भेटायचं होतं. गाडी आली नाही, भेट झाली नाही. वडील सुखरूप बाहेर आले, पण त्या बाईंचा सकाळचा फोन मी घेतला होता आणि तो आवाज अजून आठवतो. त्या दिवसापासून माझ्या पाळीत वार आणि तारीख लिहून होकार घेतल्याशिवाय एकही काम पुढे गेलं नाही. फोनवर बोलताना आवाजातून घाई कळते, मेसेजात कळत नाही. बाकी मेसेज हे फार सोयीचं साधन आहे. मीटिंगमध्ये बसून टाकता येतो, पत्ता चुकत नाही, फोटो जोडता येतो, काय ठरलं होतं ते मागे जाऊन बघता येतं. पण जिथे वेळ, पैसा किंवा जीव गुंतलेला असेल, तिथे उलट विचारून घ्या, गिऱ्हाईक कंटाळलं तरी.

नोकरी लगेच सोडू नका. पुढचे दोन महिने पाचवा रकाना भरा. त्या नऊ जणांना येत्या महिन्यापासून महिन्याचं शुल्क सांगा, आकडा अवघडत कमी करू नका. प्रत्येकाला तुमच्यातला एकच माणूस ठरवून द्या, आणि तो नसेल तेव्हा कोण, हेही आधी कळवा. माहितीचं एक पान प्रत्येकाच्या नावाने ठेवा, त्याच्या परवानगीने. नवांपैकी सहा राहिले तर पुढचे त्यांच्याच सारखे शोधा : आजारी आईवडील सांभाळणारे, एकट्याने धंदा चालवणारे. ‘काहीही’ हा शब्द जाहिरातीतून काढून टाका. एक ना धड भाराभर चिंध्या व्हायला तोच शब्द कारण होतो.

आणि दुरुस्तीवाल्याकडून, दुकानदाराकडून कमिशन घेऊ नका. तुमच्या वहीत दोन ठिकाणी ते घेतलेलं दिसतं. रक्कम छोटी आहे, मला कळतं. पण गिऱ्हाईक तुमच्यावर सोपवतं, कारण तुम्ही त्याच्या बाजूचे आहात. ज्या दिवशी तुम्ही सुचवलेल्या माणसाने तुम्हाला पैसे दिले हे त्याला कळेल, त्या दिवसापासून तो तुमची प्रत्येक सूचना तपासून बघेल. मग त्याचा वेळ वाचला कुठे?

प्रश्न : आता एआय मेसेज वाचून उत्तर देतो, बुकिंगही करतो. मग अशा सेवेत माणसं लागतीलच कशाला?

उत्तर : २०१५ मध्ये यंत्राला विस्कळीत, अर्धवट वाक्यं नीट समजत नव्हती. आज बऱ्यापैकी समजतात, हा फरक मोठा आहे. वरच्या पत्रलेखकाने त्याचा फायदा घ्यावाच : मेसेजमधून वार, तारीख, पत्ता वेगळा काढणं, जुनं काय ठरलं होतं ते समोर आणणं, उत्तराचा मसुदा. त्या २५ मिनिटांतली काही नक्की वाचतील. पण दुरुस्तीवाला येतो म्हणाला आणि आला नाही, दवाखान्यातला फोन कुणी उचलत नाही, पार्सल शेजाऱ्याकडे गेलं, ही मिनिटं यंत्राने वाचत नाहीत, कारण ती समजण्यात गेलेली नसतात, पाठपुराव्यात गेलेली असतात. शिवाय गाडी आली नाही तर सकाळचा फोन घ्यायला कुणीतरी हवं.

प्रश्न : मी अशी सेवा वापरते. कामं छान होतात, पण पैसे भरताना ते माझ्या कार्डाचा नंबर आणि ओटीपी मेसेजवर मागतात. द्यावा का?

उत्तर : नाही. माणूस कितीही भरवशाचा असला तरी नाही. ओटीपी आणि पिन कुणालाच सांगायचे नसतात, आणि मेसेजात लिहिलेला कार्ड नंबर त्यांच्या फोनवर, संगणकावर, नव्या आलेल्या मुलासमोर, सगळीकडे पडून राहतो. त्यांना सांगा, पैसे भरायची लिंक पाठवा, मी स्वतः भरते. किंवा थोडी रक्कम आगाऊ जमा करा आणि दर आठवड्याला हिशेब मागा. अमुक रकमेपर्यंत न विचारता खर्च करा, वर गेलं की विचारा, अशी मर्यादाही लेखी ठरवून घ्या. आधी पाठवलेले नंबर त्यांना पुसायला सांगा, आणि ते कार्ड बँकेकडून बदलून घ्या.