संथारा आणि अन्नावाचून जगण्याचा दावा या एकच गोष्टी नव्हेत

आपण विचारले आहे की गुजरातमधल्या अंबाजीचे साधू प्रल्हाद जानी सत्तर वर्षे अन्नपाण्यावाचून जगले असे सांगतात, मग संथारा, म्हणजे अन्नपाणी क्रमाक्रमाने सोडून मरणाला सामोरे जाण्याचे जैन व्रत, घेणारी माणसे काही आठवड्यांतच का जातात, आणि त्या मृत्यूला आत्महत्या का म्हणू नये. पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देतो, कारण दुसऱ्या भागामुळे माझ्या धाकट्या काकांचा आणि आमचा वाद २००८ सालापासून चालू आहे.

अन्नपाण्यावाचून कोणीही जगत नाही. यकृतात साठवलेली साखर साधारण एका दिवसात संपते, मग शरीर चरबी जाळू लागते, मेंदू त्या चरबीपासून तयार होणाऱ्या कीटोनवर बराचसा भागवतो, आणि चरबी सरत आली की स्नायू खर्ची पडू लागतात, त्यांत हृदयाचा स्नायूही आला. पाणी चालू असेल तर धडधाकट माणूस काही आठवडे तग धरतो. लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतीन दास १९२९ साली उपोषणाच्या ६३ व्या दिवशी गेले तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. पाणीही बंद झाले तर हिशेब दिवसांवर येतो. प्रल्हाद जानींना २०१० साली अहमदाबादच्या एका रुग्णालयात १५ दिवस देखरेखीखाली ठेवले होते, परंतु त्या काळात त्यांना चूळ भरण्याची आणि आंघोळीची मुभा होती. पंधरा दिवसांच्या निरीक्षणावरून सत्तर वर्षांचा दावा सिद्ध होत नाही, आणि तोंडात पाणी घेण्याची सवलत असताना तो पंधरा दिवसांपुरताही सिद्ध होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दुसऱ्या भागासाठी माझ्या आजीविषयी लिहितो. आम्ही दक्षिण महाराष्ट्रातले दिगंबर जैन, त्यामुळे आमच्याकडे संथारा हा शब्द फारसा वापरत नाहीत, सल्लेखना किंवा समाधिमरण म्हणतात. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि तिला अन्ननलिकेचा कर्करोग झाला होता. पोटात नळी बसवून काही महिने काढता येतील, पण रोग बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा ती शुद्धीवर होती आणि तिने नळीला स्वतः नकार दिला. घरी आल्यावर तिने महाराजांकडे, म्हणजे आमच्या जैन मुनींकडे, सल्लेखना मागितली, आणि महाराजांनी ती लगेच दिली नाही, हे काकांनी आजतागायत कोणाला सांगितलेले नाही. महाराज दोनदा येऊन तिच्याशी एकांतात बोलले, कोणाचा राग आहे का, कोणावर भार झाल्याची भावना आहे का, दुखणे सोसवत नाही म्हणून लवकर सुटायचे आहे का, असे त्यांनी विचारल्याचे आजीनेच आम्हाला नंतर सांगितले. त्यानंतरही त्यांनी तिला यम सल्लेखना, म्हणजे मरेपर्यंतचा त्याग, दिली नाही. एकेका दिवसाचा नियम दिला, जो दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा घ्यायचा किंवा सोडायचा होता.

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचार या जैन गृहस्थांच्या आचारावरील ग्रंथात याचा क्रम सांगितला आहे आणि आमच्या घरी तो तसाच पाळला गेला. आधी अन्न कमी करायचे आणि दुधासारखे स्निग्ध पेय वाढवायचे, मग तेही कमी करून ताक, कांजी, गरम पाणी यांवर यायचे, आणि शक्ती पाहून शेवटी उपवास करायचा. आजीचे अन्न रोगानेच सोडवले होते. दूध अकराव्या दिवशी थांबले, ताक सोळाव्या दिवशी, आणि विसाव्या दिवशी पहाटे णमोकार मंत्र चालू असताना ती गेली. त्या वीस दिवसांत कोणी ना कोणी तिच्या उशाशी सतत बसून होते, आणि ज्यांच्याशी तिचे कधी वाजले होते अशा तीन जावांना बोलावून तिने त्यांची क्षमा मागितली.

काका नोकरीच्या गावाहून सतराव्या दिवशी आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "तुम्ही आईला उपाशी मारताय." नंतर भावकीत त्यांनी सांगितले की आई शेवटी पाणी पाणी करत होती आणि व्रत मोडेल म्हणून आम्ही तिला दिले नाही. हेच काका २०१० साली जानींच्या बातमीचे कात्रण घेऊन आले आणि खरी तपश्चर्या याला म्हणतात असे सांगू लागले. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथारा हा आत्महत्येचा गुन्हा ठरवला तेव्हा तो निकाल त्यांनी घरातल्या सगळ्यांना पाठवला, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली तेव्हा मात्र काहीच पाठवले नाही.

माझे म्हणणे असे आहे की या दोन गोष्टी एकमेकींच्या अगदी विरुद्ध आहेत. जानींचा दावा शरीराला अन्न लागतच नाही असे म्हणतो. सल्लेखना मात्र शरीर अन्नावरच चालते हे मान्य करूनच सुरू होते, म्हणून तिच्यात चमत्काराला जागाच नाही. कुंथलगिरी या तीर्थक्षेत्री दिगंबर मुनी आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली ३६ दिवसांच्या सल्लेखनेनंतर देह ठेवला; ते अन्नावाचून जगतील असे त्यांच्या कोणाही भक्ताने म्हटले नव्हते. जपानच्या यामागाता भागात वर्षानुवर्षे आहार घटवत देह ठेवणारे जे भिक्षू होऊन गेले, त्यांनीही अन्नाचा एकेक पदार्थ मोजूनच सोडला. आणि आत्महत्येविषयी म्हणाल तर तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सल्लेखनेचे पाच दोष सांगितले आहेत, त्यांत जगण्याची इच्छा धरणे जसा दोष आहे तसाच मरण लवकर यावे अशी इच्छा धरणे हाही दोष आहे. ज्याला मरायचे आहे, त्याला हे व्रत घेताच येत नाही.

तरीही माझे म्हणणे सरसकट लागू करू नये. समंतभद्रांनी संकट, दुष्काळ, म्हातारपण आणि रोग ही कारणे दिली, पण त्यांना "निष्प्रतीकार" म्हणजे उपाय नसलेले अशी अट घातली. बरा होणारा आजार, खचलेले मन, पैशाची ओढाताण किंवा सुनेचा जाच ही त्यांत बसत नाहीत, आणि तिथे महाराजांकडे नव्हे, डॉक्टरांकडे जायचे. मुलांचे दीर्घ उपवास मला अजिबात मान्य नाहीत. हैदराबादला २०१६ साली तेरा वर्षांची मुलगी ६८ दिवसांच्या उपवासानंतर गेली, आणि त्या उपवासाचे कौतुक करणाऱ्या मोठ्यांना माझ्या आजीचे उदाहरण पुढे करण्याचा अधिकार नाही. मासखमणासारखे, म्हणजे महिनाभराचे, लांबचे उपवास करणाऱ्यांनी पारणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे, कारण इतक्या दिवसांनंतर एकदम जेवल्यास रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदय बंद पडू शकते.

आपल्या घरात कोणी वडीलधारी व्यक्ती हे मागत असेल, तर आधी तिच्याशी एकटीशी बोला, आणि रोज बोला, कारण कालचा होकार आज टिकला आहे का हे विचारल्याशिवाय कळत नाही. पाणी तिने स्वतः सोडले नसेल तर ते उशाशी ठेवा.

आजीने ते सोडले नव्हते. तिच्या नियमात गाळून उकळलेले पाणी शेवटपर्यंत मोकळे होते. एकोणिसाव्या रात्री दोनच्या सुमारास तिने ओठ हलवले तेव्हा मी चमच्याने पाणी दिले, ती तीन चमचे प्यायली आणि चौथा तिने हाताने बाजूला केला. काका त्या वेळी माडीवर झोपले होते.