रिपोर्ट नॉर्मल, मग डोकं का ठणकतं?

प्रश्न : डॉक्टरताई, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते. तीन महिन्यांपूर्वी कामावर जाताना गाडी घसरली, डोकं दुभाजकावर आपटलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला. पण मशीनची खडखड सुरू झाली की डोकं ठणकतं, एका सुईच्या दोन दिसतात, भाजीत मीठ घातलं का तेही आठवत नाही. सासूबाई म्हणतात, ‘रिपोर्ट चांगलाय, मग झालंय काय?’ औषधापायी कानातली मोडली. आता आणखी तपासण्या सांगितल्यात. पैसे कुठून आणू?

उत्तर : ताई, तुमचं दुखणं खरं आहे. सीटीत रक्तस्राव किंवा हाडाची मोड दिसते. हादऱ्याने मेंदूच्या पेशींचं बिघडलेलं काम दिसत नाही. एवढं सासूबाईंना वाचून दाखवाच.

आधी सिव्हिलमध्ये डोळे दाखवा, दोन सुया दिसणं अंगावर काढू नका. डोकेदुखीची गोळी रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा; रोजच्या गोळीनेही डोकं दुखत राहतं. दिवसभर अंधारात पडून राहू नका. सकाळी थोडं चाला, त्रास वाढला की थांबा.

आता पैशाचं. पगाराच्या पावतीवर ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, कपात आहे का, आजच बघा. असेल तर उपचार त्यातून होतात. कामावर जातानाचा अपघात कामावरचाच धरला जाऊ शकतो. तसा धरला, तर डॉक्टरांनी कामाला अयोग्य ठरवलेल्या दिवसांचे सुमारे 90 टक्के वेतन मिळतं. अपघाताचे कागद जपून ठेवा, मालकाकडून अपघाताची नोंद करून घ्या.

उलट्या, झटका, हातापायात कमजोरी यातलं काहीही झालं, तर पैशाचा विचार न करता थेट सिव्हिल गाठा.