पोट चोळून झालं, पण नवऱ्याची टेस्ट कधी?

प्रश्न : ताई, माझं वय ३१. दोन वर्षं झाली आम्ही मूल व्हावं म्हणून ट्राय करतोय, पण दिवस राहत नाहीयेत. सासूबाईंच्या ओळखीच्या एक वयस्कर बाई आहेत, जडीबुटी देतात, पोट चोळतात, त्यांच्याकडे मला नेलं. त्यांनी नुसता पोटावरून हात फिरवून सांगितलं की पिशवी जागेवरून सरकलीये, अंगात उष्णता आहे आणि आतला रस्ता बंद आहे. आता त्या अधूनमधून पोट चोळून देतात, रोज घ्यायला एक करड्या रंगाची पूड दिलीये, आणि पुढची पाळी झाली की औषधाची पुरचुंडी आत ठेवायची म्हणाल्यात. खरं सांगू का, बाई खूप मायेनं वागतात, डॉक्टरांकडे गेले होते तेव्हा पाच मिनिटांत बाहेर! त्यांच्या औषधाने मूल झालेल्या दोघीतिघी मला भेटल्यापण. नवरा म्हणतो माझ्यात काही प्रॉब्लेम नाही, मी टेस्ट करणार नाही. काय करू? (नाव छापू नका.)

उत्तर : आधी तातडीचं सांगते. ती पुरचुंडी आत ठेवू नकोस. कितीही चांगल्या वनस्पतीची असू दे. बाहेरची कुठलीही वस्तू योनीत ठेवली की जंतू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढू शकतात आणि तिथून गर्भनलिकांमध्ये, आणि या नलिका आतून इतक्या नाजूक असतात की एका इन्फेक्शनने कायमच्या चिकटू शकतात. म्हणजे आज तुझा रस्ता मोकळा असेल तर तो या औषधाने बंद व्हायचा.

पूडपण आज बंद कर. त्यात काय आहे हे बाईंनाही नक्की माहीत असेलच असं नाही, कारण बऱ्याच जणी कच्चा माल दुसऱ्याकडून घेतात. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन भागातल्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक प्रॉडक्ट्स घेऊन तपासली तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कला ६ गरोदर बायकांना अशाच औषधांमधून शिशाची विषबाधा झाल्याचं सापडलं. शिसं आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं, आणि तू तर बाळासाठीच ही पूड घेतेयस गं! बरेच दिवस घेतली असशील तर रक्तातलं शिसं तपासून घे, उरलेली पूड फेकू नको, डॉक्टरांना दाखव.

आता बाईंनी जे सांगितलं त्याबद्दल. पिशवी सरकलीये हे निदान फक्त त्यांचंच नाही, पार मेक्सिको-ग्वाटेमालातल्या माया नावाच्या मूळनिवासी समाजातल्या सुइणीही मूल होत नसेल तर हेच सांगतात आणि पोट चोळून गर्भाशय जागेवर आणतात. गर्भाशय मागे कललेलं असू शकतं हे खरं आहे, साधारण पाचातल्या एकीचं तसं असतं, पण तो रचनेतला नॉर्मल फरक आहे आणि नुसत्या त्याने गर्भ राहायचा थांबत नाही. हलक्या हाताने वरून चोळलं आणि तुला बरं वाटलं तर त्याला माझा विरोध नाही, पण जोर लावून नाही, दुखत असेल तर नाही, आणि पाळी चुकली की अजिबात नाही.

रस्ता बंद ही कल्पना मला जास्त महत्त्वाची वाटते. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर जी सूत्रं आहेत त्यात सांगितलंय की बाईला पांघरुणात गुंडाळून खालून धुरी द्यायची, त्याचा वास तोंडा-नाकापर्यंत आला तर वांझपणाचं कारण तिच्यात नाही. वास वर येण्यासारखी वाट शरीरात नाहीये, त्यामुळे परीक्षा चुकीची, पण प्रश्न बरोबर होता. आज तोच प्रश्न एचएसजी नावाच्या एक्स-रेने विचारतात, गर्भाशयात डाय सोडतात आणि तो नलिकांच्या टोकातून बाहेर पडतो का बघतात. जुनं इन्फेक्शन, टीबी, पोटाचं एखादं ऑपरेशन यामुळे नलिका खरंच बंद होतात. मात्र हे पोटावर हात ठेवून कळत नाही, कोणालाच नाही, मलाही नाही.

उष्णता म्हणजे त्यांना नेमकं काय दिसलं ते विचार. पाळी मागेपुढे होते म्हणून म्हणाल्या असतील तर पीसीओएस (हार्मोन्स बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) आणि थायरॉईड बघायला हवं. वास येणारं पांढरं जातंय म्हणून म्हणाल्या असतील तर ते इन्फेक्शन असू शकतं, त्यावर थंड औषध चालणार नाही.

आणि आता नवरा. बघ ना, जगात कुठेही जा, मूल नाही म्हटलं की आधी हात जातो तो बाईच्या पोटावर. गर्भ तिच्यात दिसतो म्हणून दोषही तिच्यातच शोधायचा. शुक्राणू मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा दिसले १६७७ मध्ये, लेव्हेनहुक या डच संशोधकाला, आणि सस्तन प्राण्याचं स्त्रीबीज १८२७ मध्ये, त्यामुळे त्याआधी सगळेच अंदाज करत होते हे मान्य. पण आपले जुने ग्रंथ तेव्हाही एवढे एकांगी नव्हते. सुश्रुतसंहितेत गर्भ राहायला ऋतू (योग्य काळ), क्षेत्र (गर्भाशय), अंबू (पोषण देणारा रस) आणि बीज अशा चारही गोष्टी जुळून याव्या लागतात असं म्हटलंय, अंकुर फुटतो तसं. चरकाने तर योनीचे वीस विकार ज्या अध्यायात सांगितले त्याच अध्यायात शुक्राचे दोषही सांगितलेत. म्हणजे परंपरेच्या नावाने नवऱ्याला सूट मिळत नाही.

आजचा हिशोब असा की मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणासोबत. वीर्य तपासणी ही या सगळ्यातली सगळ्यात सोपी टेस्ट, सुई नाही, दुखणं नाही, २ ते ७ दिवस संबंध न ठेवता सॅम्पल द्यायचं एवढंच. त्याला शांतपणे सांग की संबंध नीट जमतात याचा अर्थ शुक्राणू पुरेसे आहेत असा होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि एक रिपोर्ट खराब आला म्हणून घाबरायचं नाही, पुन्हा करून बघतात, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि मधल्या एखाद्या तापानेही आकडा खाली येतो. तुझ्या एचएसजीच्या आधी त्याचा रिपोर्ट हातात हवा, यावर ठाम राहा.

ज्या दोघीतिघी भेटल्या त्या खोटं बोलत नसतील. पण १०० जोडप्यांपैकी ८० ते ८५ जणांना पहिल्या वर्षात आपोआप दिवस राहतात, आणि जे उरतात त्यातल्या जवळपास निम्म्यांना दुसऱ्या वर्षात. त्या काळात जो कोणी औषध देईल त्याला यश मिळणारच. ज्यांना गुण आला नाही त्यांची भेट तुला कोण घालून देणार?

बाईंची माया मात्र सोडू नको. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात कान्यालेंग म्हणून बायकांचे गट असतात, ज्यांना मूल होत नाही किंवा ज्यांची मुलं दगावलीत अशा बायका एकत्र येतात, गातात, नाचतात, एकमेकींना धरून असतात. हा आधार आमच्या दवाखान्यात मिळत नाही ही आमची उणीव आहे. तर मन मोकळं करायला त्यांच्याकडे जा, औषधाला दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, आणि पाच मिनिटांत बाहेर काढणारा डॉक्टर बदल.

प्रश्न : वय ३६, लग्नाला आठ महिने. वर्षभर थांबा म्हणतात ते बरोबर?

उत्तर : वर्षभराचा नियम ३५ च्या आतल्यांना. तुम्ही सहा महिन्यांनंतरच जायला हवं होतं, तेव्हा आता थांबू नका.

प्रश्न : माझी आई सुईण आहे, मूल होत नाही म्हणून बायका तिच्याकडे येतात. तिला ही कामं बंद कर म्हणू का?

उत्तर : नको. १९७८ च्या अल्मा आटा जाहीरनाम्यातही (प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या जागतिक परिषदेचा जाहीरनामा) गरजेप्रमाणे पारंपरिक उपचार करणाऱ्यांना आरोग्याच्या टीममध्ये धरलंय. तिला एवढंच सांग, आलेल्या बाईला परत पाठवताना पुढच्या वेळी नवऱ्यालाही घेऊन ये म्हणायचं, आत ठेवायचं काहीही द्यायचं नाही, आणि ताप, वास येणारा स्राव, महिनोन्महिने न येणारी पाळी किंवा पाळीत उभं राहता येणार नाही इतकं दुखणं असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं, जमलं तर स्वतः सोबत जायचं. आई सोबत असली तर ती बाई डॉक्टरांसमोर बोलेल तरी.