कानातली शिट्टी आणि विजेचे उपचार

वडिलांच्या कानात सतत शिट्टी वाजते, झोप उडाली आहे, तर टेन्सचं (त्वचेवर पॅड चिकटवून हलका वीजप्रवाह देणारं) मशीन आणून कानामागे लावावं का, असं तुम्ही विचारलंय. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाल्याशिवाय काहीही लावू नका. विजेचा कोणता उपचार चालेल हे मुख्यतः ऐकू किती येतं यावर ठरतं.

ज्या कानाने जवळपास ऐकूच येत नाही, त्यासाठी सर्वात भक्कम पर्याय कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचा. कानाकडून संकेत यायचे थांबले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि नसलेला आवाज ऐकू येतो, असं मानलं जातं. इम्प्लांट श्रवणनसेला थेट विद्युतसंकेत देतं. पुष्कळांचा आवाज यंत्र सुरू असेपर्यंत दबतो, रात्री त्याचा बाहेरचा भाग काढला की परततो. मात्र उरलंसुरलं ऐकणं शस्त्रक्रियेत जाऊ शकतं, म्हणून बऱ्या कानात हे करत नाहीत.

ऐकू बऱ्यापैकी येत असेल तर लेनिअरसारखं यंत्र. हेडफोनमधून ध्वनी आणि त्याच वेळी जिभेच्या टोकावर 32 इलेक्ट्रोडमधून हलके झटके. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी संस्था) 2023 मध्ये त्याला मान्यता दिली. रोज तासभरापर्यंत, किमान 12 आठवडे. बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात आणि मग उपचारच फोल ठरवतात. आवाज तासातासाला मोजत बसू नका, त्याने लक्ष तिकडेच खिळतं. त्याऐवजी टीएचआय ही, या आवाजाचा त्रास किती होतो ते मोजणारी, 25 प्रश्नांची प्रश्नावली सुरुवातीला, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात भरा. 100 पैकी 7 गुणांहून कमी फरक पडला तर तो सुधार धरू नका.

डोक्यावरून 1 ते 2 मिलिअँपिअर प्रवाह देणाऱ्या टीडीसीएसचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिवाय इलेक्ट्रोडखालचा ओला स्पंज वाळला की त्वचा भाजते.

टेन्सचे पॅड मानेच्या पुढच्या बाजूला कधीच नकोत. तिथल्या कॅरोटिड सायनसवर (रक्तदाबावर लक्ष ठेवणारा रक्तवाहिनीचा भाग) परिणाम होऊन रक्तदाब आणि नाडी एकदम उतरू शकते. पेसमेकर किंवा फिट्सचा त्रास असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा एकाच कानात असेल, तर आधी त्याचं कारण शोधायला हवं. आणि ऐकणं अचानक गेलं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो.

ऑडिओग्राममध्ये मध्यम कमतरता निघाली तर आधी श्रवणयंत्र लावून बघा. झोपेसाठी सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्याची समुपदेशनाची पद्धत) आजच सुरू करता येईल, त्याला कोणत्याही तपासणीची वाट पाहावी लागत नाही.