स्टॉपवॉच हातात घ्यायचंय, पण पगाराचं काय?

प्रश्न: माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असल्यापासून राज्य स्पर्धांत पोहायची. खांद्याच्या दुखण्यामुळे स्पर्धा सोडाव्या लागल्या. आता म्हणते, जलतरणाची पंच होणार. यात करिअर आहे का? कोर्स कुठला? तिच्या बाबांना हा वेळेचा अपव्यय वाटतो.
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, आधी पैशाचं बोलून घेऊ, म्हणजे बाबांना पुढचं वाचवेल. आपल्याकडे जलतरणाचे पंच पगारी नसतात. स्पर्धेपुरता प्रवासखर्च, राहण्या-जेवणाची सोय आणि दिवसाचा भत्ता. जिल्हा पातळीवर कधी कधी नुसता चहा-नाश्ता. निव्वळ पंचगिरीवर घर चालवणारं माझ्या तरी पाहण्यात कुणी नाही. लोक नोकरी सांभाळून, रजा टाकून हे काम करतात. तेव्हा बी.कॉम. नीट पुरं करायचं आणि पोटापाण्याचं वेगळं बघायचं, यात तडजोड नको.

एवढं मान्य असेल तर मुलीला अडवू नका. स्पर्धा सुटली की पोहणारी मुलं बहुतेक तलावाकडे पाठच फिरवतात. हिला तिथेच राहायचंय, ही चांगली गोष्ट आहे.

कॉलेजात शिकवतात तसा याचा कोर्स नसतो. जिल्हा संघटनेच्या स्पर्धांत मदतनीस म्हणून उभं राहायचं, संघटना वर्ग आणि परीक्षा घेतील तेव्हा त्या द्यायच्या, आणि अनुभव साठेल तसं राज्य संघटनेकडे, मग भारतीय जलतरण महासंघाकडे सरकायचं. आंतरराष्ट्रीय यादीसाठी महासंघच नावं सुचवतो. तिथवर पोचायला बरीच वर्षं जातात, त्यामुळे आज तो हिशेब मांडूच नका. जलतरणाची जागतिक संघटना वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स, म्हणजे पूर्वीची फिना, हिचं नियमपुस्तक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. ते आजपासून वाचता येईल.

सुरुवात बहुधा टाइमकीपर म्हणून होते. टचपॅड, म्हणजे हात लागताच आपोआप वेळ नोंदवणाऱ्या पाट्या, नसतील तिथे एका लेनला तीन घड्याळं लावतात. दोन जुळली तर ती वेळ धरायची, तिन्ही वेगळी आली तर मधली. ऐकायला सोपं आहे. पण शेजारच्या लेनमध्ये चुरस लागलेली असताना मान न वळवता आपल्याच लेनच्या भिंतीवर वाकून उभं राहायचं आणि बोट लागलं त्याच क्षणी बटण दाबायचं, हे भल्याभल्यांना जमत नाही. पोहलेल्या मुलांना तर जास्तच जड जातं, कारण त्यांना शर्यत बघायची सवय असते.

पुढे टर्न आणि स्ट्रोकचं काम, म्हणजे भिंतीपाशी घेतलेलं वळण आणि पोहण्याची पद्धत नियमात बसते का ते बघायचं. 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या 200 मीटर मेडलेच्या (एकाच शर्यतीत चारही पद्धतींनी पोहायचं) अंतिम फेरीत अमेरिकेची अ‍ॅलेक्स वॉल्श तिसरी आली होती. पण बॅकस्ट्रोकवरून, म्हणजे पाठीवरच्या पोहण्यावरून, ब्रेस्टस्ट्रोकला, म्हणजे छातीवरच्या पोहण्याला, जाताना पाठीवर असतानाच भिंतीला हात लागावा लागतो. ती त्याआधीच वळली होती, म्हणून बाद झाली आणि ब्राँझ ऑस्ट्रेलियाच्या केली मॅककिओनला मिळालं. सगळा खेळ निमिषाचा! पंचाला तेवढ्यात बघायचं असतं, आणि काय पाहिलं ते कागदावर लिहायचंही असतं. ‘स्ट्रोक चुकला’ एवढं लिहून भागत नाही. कितवा टर्न, कोणता हात आधी लागला, हे स्पष्ट हवं. शंका असेल तर फायदा पोहणाऱ्याला. दिसलं नाही, ते झालंच असेल असं धरून चालत नाही.

माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे. उद्या तिच्याच जुन्या क्लबमधली दहा वर्षांची मुलगी बटरफ्लाय पद्धतीत दोन्ही हातांऐवजी एकाच हाताने भिंत धरेल. तिला बाद करावं लागेल, ती रडेल, तिची आई गॅलरीतून ओरडेल. पंचाने तिथे वाद घालायचा नसतो. आक्षेप असेल तर तो संघ व्यवस्थापकाने रेफरीकडे, म्हणजे मुख्य पंचाकडे, लेखी द्यायचा. हे पचवायची मुलीची तयारी आहे का, ते शांतपणे विचारा. खांद्याची काळजी नको, पाय मात्र दुखतील. सकाळच्या हीट्सपासून (प्राथमिक फेऱ्यांपासून) संध्याकाळच्या फायनलपर्यंत, तेही ऐन उन्हाळ्यात, बराच वेळ उभं राहावं लागतं.

पोहण्यातूनच मिळकत हवी असेल तर वाटा वेगळ्या आहेत: पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) प्रशिक्षणाचा डिप्लोमा, किंवा बी.पी.एड. करून शाळेत क्रीडाशिक्षक. तिथेही जागा मोजक्याच, पण पगार असतो. प्रशिक्षक झाली तर मात्र आपलीच मुलं पोहत असताना पंच म्हणून उभं राहायचं का, हा प्रश्न येईल. तो आधीच मनाशी सोडवून ठेवलेला बरा.

आता एवढंच करा. मोसम सुरू होण्याआधी जिल्हा संघटनेच्या सचिवांना तिने स्वतः फोन करावा, तुम्ही नको. एखाद्या अनुभवी टाइमकीपरशेजारी घड्याळ घेऊन उभं राहू द्या, म्हणावं. पंचांचे कपडे पांढरे असतात, तेव्हा दोन जोड शिवून ठेवा. बूट घसरणारे नकोत, काठावर सतत पाणी असतं.